तुंगनाथच्या वाटेवर लॉगर लावताय? या चुका टाळा

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथची वाट धरली की बघता बघता झाडं संपतात. खर्सू ओक आणि फर विरळ होतात, मग बर्फाच्या भाराने वाकलेलं बुटकं रोडोडेंड्रॉन लागतं, आणि त्यापुढे नुसतं बुग्याल, म्हणजे उंचावरचं कुरण. थोडक्या चढात झाडाझुडपांच्या तीन वेगळ्या वस्त्या, आणि तिघींचं हवामान वेगळं. प्रकल्पासाठी तिथे तापमानाचे लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने तापमान टिपून ठेवणारी छोटी यंत्रं, लावून आलेल्या मुलांच्या फायली माझ्याकडे तपासायला येतात. चुका त्याच त्या असतात.

खालच्या आकड्यातून वजाबाकी

दर 100 मीटर चढाला तापमान 0.65 अंशाने घटतं, हे सूत्र सगळ्यांना पाठ. चोपता सुमारे 2,700 मीटरवर, आपली जागा 600 मीटर वर, म्हणून चार अंश वजा करा, झालं! पण हा दर सरासरी आहे, आणि तोही हवेचा. पावसाळ्यात ढगांत तो घटतो. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री तर गणित उलटतं: गार हवा उतारावरून ओघळून खोलगटात साचते आणि वरचा कडा तिच्यापेक्षा उबदार राहतो.

शिवाय हवेचं तापमान मोजतात दोन मीटर उंचीवर, रोपटी काही तिथे राहत नाहीत. उन्हाच्या दिवशी बुग्यालात जमिनीला चिकटलेली झुडपं हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त तापू शकतात. उंच झाडाला ती चैन नाही, त्याच्या शेंड्याला वारा लागतो.

‘जंगलात ऊबच असणार’

ही समजूत दिवसा साफ चुकते. उन्हाळ्यात झाडाखालची माती शेजारच्या कुरणातल्या मातीपेक्षा गार असते, कारण झाड स्वतःच्याच मुळांवर सावली धरतं. रात्री पारडं फिरतं. उघड्यावरची जमीन आभाळाकडे उष्णता सोडत गारठते, झाडाखाली पानांचं छत ती अडवतं. उघड्यावरच्या रोपाला रात्रीचं गोठलेलं दहिवर आणि लगेच सकाळचं कडक ऊन असा दुहेरी मार बसतो. चोवीस तासांची एकच सरासरी काढली की ही सगळी गोष्ट पुसली जाते. किमान आणि कमाल वेगळे ठेवा.

वनस्पतिशास्त्रज्ञ क्योर्नर यांचा प्रसिद्ध आकडाही असाच चुकीच्या जागी वापरला जातो. जगभरातल्या वृक्षरेषांवर, म्हणजे डोंगरावर झाडं संपतात तिथे, सुमारे 6.4 अंश हे त्यांनी मांडलेलं तापमान वाढीच्या हंगामाचं आहे, आणि तो हंगाम निदान 94 दिवसांचा धरलाय. ती वर्षाची सरासरी समजून ‘आमची वृक्षरेषा बसत नाही’ असं लिहू नका.

सरळ रेघ बघून सेन्सर फेकणं

एका मुलीने डिसेंबरपासून पुढची सगळी नोंद खोडून पाठवली होती. शेरा: ‘सेन्सर अडकला.’ मी मूळ फाइल मागवली. आलेखात आठवड्यामागून आठवडे 0.5, 0.5, 0.5, दिवस-रात्रीचा फरकच नाही. सेन्सर ठणठणीत होता, वर बर्फ पडला होता. जाड बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास थांबते, वर कितीही गारठा असो. ती रेघ म्हणजे बर्फ किती दिवस होता याची फुकटची नोंद! रेघ मोडून दिवसाचा चढ-उतार सुरू झाला, की त्या ठिकाणचा बर्फ गेला. रोडोडेंड्रॉनच्या झुडपात बर्फ अडकून साचतो, वाऱ्याच्या सोंडेवर टिकत नाही. दोन्हीकडच्या तारखा शेजारी मांडा, वस्त्यांमधला फरक तिथेच दिसेल.

आणखी एक लाभ: वितळत्या बर्फाखाली तापमान 0 हवं. तिचा लॉगर तिथेही 0.5 दाखवत होता, म्हणजे त्याची चूक अर्ध्या अंशाची. सगळ्या आकड्यांतून तेवढं वजा केलं आणि फाइल वाचली.

ऊन मोजून त्याला हवा म्हणणं

उघडा सेन्सर स्वतः तापतो. वर पांढरं छत्र, मध्ये वारा खेळायला जागा हवीच. उलटा पांढरा पेला अनेक जण वापरतात, पण बर्फ असताना ऊन खालूनही उसळी मारतं आणि उघड्या तोंडातून आत शिरतं. अशा दिवसांच्या दुपारच्या कमाल आकड्यांवर जरा संशय ठेवा.

किरकोळ, पण वर्ष घालवणाऱ्या

बटणाएवढ्या लॉगरच्या जुन्या मॉडेलात 2,048 नोंदी मावतात. तासाला एक धरली तर 85 दिवस. 1 ऑक्टोबरला लावलात तर नाताळला वही भरली, बर्फ वितळण्याचा काळ गेलाच. जुन्यावर नवं लिहिण्याची सेटिंग चालू असेल तर आधीचंही गेलं. काही लॉगर वेळ जागतिक प्रमाणवेळेत टिपतात. दुपारचं ऊन सकाळी साडेसहाला दिसलं तर साडेपाच तास मिळवा.

झाडं संपली म्हणजे थंडीनेच संपली, असंही नाही. आपलं कासचं पठार उघडं आहे ते जांभ्यावर माती पातळ म्हणून. हिमालयातही चराई आणि सरपणाची तोड यांनी रेषा खाली ढकललेली असू शकते. लॉगर लावण्याआधी आसपास जुने बुंधे आहेत का, हे जरा फिरून बघा.