कोकणातली जागा आणि वकिलाचं काम

मालवणात सिनिअरांच्या ऑफिसात बसायला लागले तेव्हा मला वाटायचं, जागेचं काम म्हणजे मसुदा करायचा आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा. पक्षकार मात्र येतो ते वेगळंच विचारायला. हॉटेल, गोदाम, काजूचा कारखाना, काहीही असो. या जागेत पैसे घातले तर उद्या कोणी हक्क सांगत येईल का, हे त्याला हवं असतं.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ शोधात जातो. किमान 30 वर्षांचे दस्त, फेरफार म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, आठ-अ म्हणजे खातेउतारा, सगळं बघायचं. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. आपल्याकडे खाती सामाईक. वीस गुंठ्यांवर सतरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली आणि वारसनोंद झालेलीच नाही. फेरफारात फक्त भावांची नावं लागली असतील तर बहिणींचं काय झालं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव असेल तर तिथेच थांबा. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर विक्रीवर कलम 43 च्या अटी येतात. घेणारा शेतकरी नसेल तर त्याच कायद्याचं कलम 63 आडवं येतं. समुद्राजवळ असेल तर भरतीरेषेपासूनचं अंतर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नकाशावर तपासायचं. जागामालक पावलं मोजून सांगतो त्यावर भिस्त ठेवायची नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. किनाऱ्यालगतच्या एका जागेचे कागद अगदी स्वच्छ होते, मी बोजा नसल्याचा अहवाल लिहून सरांपुढे ठेवला. त्यांनी न वाचताच विचारलं, "जाग्यावर जाऊन आलीस?" गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले तर चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीला, एका ठिकाणी माणूसभर फट होती आणि तिथला खालचा चिरा मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता. पलीकडे जाळी सुकत घातलेली. एक काकी म्हणाल्या, "ह्या वाटेन माझो सासरो जाळी नेय, आता झील नेता."

ती वाट सातबाऱ्यावर कुठेच नव्हती. पण 20 वर्षं उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेला 1882 चा सुविधाधिकार कायदा संरक्षण देतो. आमचा पक्षकार तिथे कुंपण घालणार होता. वाट सोडून आराखडा फिरवला, खरेदीखतात तिचा नकाशासह उल्लेख केला. कुंपण घातलं असतं तर त्याचं रिसॉर्ट पुढची कित्येक वर्षं दिवाणी कोर्टात अडकलं असतं, आणि त्या बाईच्या मुलाला जाळी घेऊन लांबून वळसा पडला असता. मला तो चिरा अजून दिसतो.

भाडेकरारांचं काम वरून सोपं दिसतं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी लागतेच, हे कोणीही सांगेल. खरी कसोटी इथला हंगाम ओळखण्यात असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मग बर्फाच्या फॅक्टरीवाल्याने ते दोन महिने पूर्ण भाडं कुठून द्यायचं? पावसात वाऱ्याने पत्रे उडाले तर दुरुस्ती कोणाची? विहिरीचं पाणी मे महिन्यात आटलं तर टँकरचा खर्च कोण देणार? मुंबईहून आलेल्या तयार नमुन्यात यातलं काहीच नसतं. हे प्रश्न आपण विचारायचे, सहीच्या आधी, दोन्ही बाजू समोर बसवून.

नव्याने येणाऱ्यांनी पहिली दोन वर्षं तालुक्याच्या गावी काढावीत असं मला मनापासून वाटतं. जुने हस्तलिखित फेरफार वाचायची सवय करा. शाई फिकी, अक्षर किचकट, पण महिन्याभरात डोळा बसतो. तलाठ्याकडे कागद मागताना गट नंबराबरोबर वाडीचं नावही सांगा, काम लवकर होतं. आणि जागा बघायला जाल तेव्हा मालकाशी बोलून झाल्यावर शेजारच्या घरातही जा.