दसरा-दिवाळीची आवराआवर आणि परतीचा पाऊस : या चुका टाळा

पुण्यात घट बसायच्या आत गोधड्या-चादरी धुऊन काढायच्या, दसऱ्याच्या सुमारास घराला रंग द्यायचा आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी भाजणी दळून आणायची, हा क्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. क्रम चांगलाच आहे. चूक होते ती ही कामे सणाच्या तारखेला बांधून टाकण्यात. आपले सण चांद्र तिथीने येतात, त्यामुळे अधिक मासाच्या हिशोबाने ते पुढे-मागे सरकतात. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. पाऊस मात्र सूर्याच्या गतीने चालतो. आपल्या वाडवडिलांनी पावसाची नक्षत्रे सूर्यावरूनच मोजली, म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात : उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबरच्या, चित्रा १० ऑक्टोबरच्या आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास. २०२३ मध्ये घट चित्रात बसले आणि २०२५ मध्ये उत्तरात. दोन्ही वर्षी 'नवरात्र आले, आता पाऊस संपला' असे मानणे सारखेच बरोबर कसे असेल? आवराआवरीचा बेत आखण्यापूर्वी पंचांगात सणाबरोबर पावसाचे, म्हणजे सूर्याचे, नक्षत्रही पाहावे, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नक्षत्रांच्या म्हणींबाबतही एक गैरसमज आढळतो. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' आणि 'पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा' या दोन म्हणी अनेक जण हवामानाचा अंदाज म्हणून सांगतात, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने आलेला पाऊस एकदा शाप व एकदा वरदान कसा, असा प्रश्न विचारून त्या बाजूला टाकतात. वास्तविक पाऊस पडेल की नाही, हे या म्हणी सांगतच नाहीत. पडला तर कोणत्या पिकाचे काय होईल, ते सांगतात. चित्राची म्हण मावळ-मुळशीकडच्या भाताची आहे, कारण तेव्हा दाणा भरत आलेला असतो आणि पावसाने तो काळवंडतो. स्वातीच्या पावसाचे कौतुक शिरूर-बारामतीकडच्या रब्बी ज्वारीला, कारण ती पुढे जमिनीतल्या ओलीवरच वाढते. पुणे या दोन मुलखांच्या मध्ये वसले आहे, म्हणून दोन्ही म्हणी आपल्या घरात नांदतात. उद्या गाद्या गच्चीवर टाकायच्या की नाहीत, हे ठरवायला मात्र हवामान खात्याचा त्या दिवसाचा अंदाजच पाहावा.

परतीचा पाऊस जुलैच्या पावसासारखा दिवसभर रिमझिमत नाही. सकाळी कडक ऊन पडते, दुपारी ढग उभे राहतात आणि संध्याकाळी तासा-दोन तासांत तो कोसळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर आणि २०२२ साली दिवाळीच्या जेमतेम आठवडाभर आधी, १७ ऑक्टोबरच्या रात्री, शहराने झेललेला पाऊस विसरता येण्याजोगा नाही. गच्चीवरची पन्हळे आणि जाळ्या जूनमध्ये एकदा साफ केल्या म्हणजे झाले, ही समजूत म्हणूनच महागात पडते. चार महिन्यांचा पालापाचोळा तिथे साचलेला असतो, आणि तो काढण्याची खरी वेळ सप्टेंबरचा मध्य हीच आहे.

सर्वांत खर्चिक चूक रंगाची. आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आम्ही एका वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावर रंग लावून घेतला. भिंत हाताला कोरडी लागत होती, ऑक्टोबरचे ऊन रणरणत होते, शंकेला जागाच नव्हती. दिवाळीच्या पहाटे आकाशकंदील लावताना खिडकीखाली रुपयाएवढे फुगे दिसले. नखाने दाबताच रंगाखालची पुट्टी ओल्या पिठासारखी बोटाला लागली. उन्हाने भिंतीचा पृष्ठभाग दोन दिवसांत वाळतो, पण गिलाव्याच्या आत मुरलेली ओल बाहेर पडायला कित्येक आठवडे लागतात. तिची वाट रंगाने बंद झाली की पोपडे सुटतातच. आता आम्ही दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस-रात्र ठेवतो. आतून दव धरले तर रंगाऱ्याला स्पष्ट नाही म्हणावे, मग मुहूर्त कोणताही असो. शक्यतो बाहेरच्या भिंतींचे काम दिवाळीनंतरच काढावे.

गाद्यांना ऊन दाखवताना त्या संध्याकाळपर्यंत गच्चीवर राहू देऊ नयेत. अकरा ते तीन हे ऊन पुरेसे आहे. खाली आणल्यावर त्या निवण्यापूर्वीच दिवाणात बंद केल्या, तर आत घाम धरतो आणि कुबट वास पहिल्यापेक्षा वाढतो. पैठणी आणि इतर रेशमी साड्यांना थेट ऊन कधीही देऊ नये. सावलीत, वाऱ्यावर घडी मोडून पसराव्यात आणि उलट घडी घालून सुती कापडात ठेवाव्यात.

घटाचे धान बुरसते, त्याचे कारण बहुतेक वेळा भक्तिभावाने घातलेले जास्तीचे पाणी असते. मातीचा घट स्वतःच पाझरतो, त्यामुळे भोवतालच्या मातीवर हलका शिडकावा पुरतो. तांब्याचा कलश ठेवत असाल तर तो पाझरत नाही, तेव्हा पाणी रोज आठवणीने, पण ओंजळीने नव्हे तर बोटांनी शिंपडावे.

कुंड्यांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. पावसाळ्यात पाणी न घालण्याची सवय लागलेली असते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तुळस दोन दिवसांत माना टाकते. तिला सकाळी पाणी घालावे, पण कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नये; डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुरते, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळावा, म्हणजे साचलेले सगळे पाणी ओतून ताटल्या कोरड्या कराव्यात.

राहिली भाजणी. दिवाळी लवकर आली, म्हणजे २०२५ सारखे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला असले, की हवा दमट असते आणि धुतलेले तांदूळ व डाळी पंख्याखाली एका रात्रीत वाळल्यासारख्या दिसतात. दाणा दाताखाली धरून पाहावा : कट् आवाज येऊन तुटला तर वाळला, चेपला तर आणखी एक दिवस ठेवावा. नंतर प्रत्येक धान्य वेगवेगळे, मंद आचेवर भाजावे आणि पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत न्यावे. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले आहे. त्याच उंड्यात थोडी कोरडी भाजणी मळून घ्यावी. वरून खमंग दिसूनही तासाभरात मऊ पडली, तर आच मोठी होती आणि आतला ओलावा तसाच राहिला. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढू नये, आणि ती कागदावर पूर्ण निवल्याखेरीज डब्याचे झाकण लावू नये. चिवड्याचे पातळ पोहे सकाळच्या उन्हात ठेवावेत आणि दुपारी आभाळ भरून येण्याआधी घरात घ्यावेत.