रनिंग ग्रुपने श्रमदान सुरू करायचं असेल तर आधी हे वाचा

जुलै आला की प्रत्येक रनिंग ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, या रविवारी झाडं लावायला जाऊया. जातातही सगळे, खड्डे खणतात, फोटो काढतात, नाश्ता करून घरी. आणि मार्चमध्ये त्याच टेकडीवर गेलात तर बरीचशी रोपं काडीसारखी वाळून उभी दिसतात. रोप लावायला एक सकाळ पुरते पण जगवायला दोन-तीन उन्हाळे लागतात, आणि ते करायला रोज तिथून जाणारं कुणीतरी हवं. रोज तिथून जाणारे तर आपणच आहोत ना, त्यामुळे रनर्सनी हे काम करणं मला एकदम परफेक्ट वाटतं.

ही कल्पना काही नवीन नाही. लंडनमध्ये 2009 पासून गुडजिम नावाचा रनर्सचा उपक्रम चालू आहे, लोक पळत कामाच्या ठिकाणी जातात, बागेत माती ओढतात, रंग मारतात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भेटतात आणि पळत परत येतात. आपल्याकडे श्रमदान तर रक्तातच आहे, फक्त पळण्याला जोडून घ्यायचंय. मी पुण्याच्या हिशोबाने सांगतेय, तुमच्या गावाप्रमाणे बदल करून घ्या.

जागा निवडताना एकच कसोटी लावा, ती तुमच्या नेहमीच्या रूटवर आहे का. तीन ते पाच किलोमीटरवरची महापालिकेची शाळा, वस्तीतलं अभ्यासकेंद्र, टेकडीचा पायथा, असं काहीतरी. गाड्या काढून पन्नास किलोमीटर जायचं काम घेऊ नका, एकदा जाल, दोनदा जाल, मग बंद पडेल.

मग परवानगी. टेकडी वनविभागाची असेल तर तिथल्या वनरक्षकाला भेटा, बाग महापालिकेची असेल तर उद्यान विभागात अर्ज द्या, शाळा असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. न विचारता टेकडीवर कुदळ मारायची नाही, आणि उगाच आडवी आलेली फांदीही तोडायची नाही, शहरात झाडतोडीला 1975 चा कायदा आहे आणि त्यासाठी परवानगी लागते. पहिल्या भेटीत "आम्ही काय करू" हे सांगण्याआधी "तुम्हाला काय हवंय" हे विचारा. आपण फुलझाडांचं स्वप्न घेऊन जातो आणि शाळेतल्या मावशींना पाण्याच्या टाकीपाशी साचणारा चिखल बुजवून हवा असतो. तो आधी बुजवा! तसंच तिथे बायकांसाठी चालू टॉयलेट आहे का हे त्याच दिवशी बघून घ्या, नसेल तर ग्रुपमधल्या मैत्रिणी हळूहळू यायच्या बंद होतात आणि कारण कुणी सांगत नाही.

आता झाडं. एक-दोन चांगले पाऊस झाले, माती खोलवर ओली झाली की लावा. करंज, बहावा, कांचन, पळस, आपटा, कडुनिंब अशी इथली झाडं घ्या, गिरिपुष्प आणि सुबाभूळ नको, पुण्याच्या टेकड्यांवर ती आधीच भरपूर झालीयेत. रोप कमरेएवढं तरी असावं. खड्डा दीड-दोन फूट, एका खड्ड्यावर दोघं, एकाने कुदळीने माती मोकळी करायची, दुसऱ्याने फावड्याने घमेल्यात भरायची, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल, कारण पळून दमलेले पाय असताना एकच माणूस वाकून खणत राहिला तर दुसऱ्या दिवशी कंबर धरते. पिशवी कापून काढायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. काठी लावून सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा, घट्ट बांधली की खोडात रुतते. रोपाभोवती पाणी थांबेल असं आळं करा, त्यात पालापाचोळा पसरा, तो जाळू नका प्लीज. पावसाळ्यात दगड उचलताना हात थेट खाली घालायचा नाही, आधी पहारीने उलटवायचा, घोणस आणि फुरसं हे विषारी साप अशाच जागी असतात.

बांधकामाचं सांगते, कारण इथेच रनिंग ग्रुपचा खरा उपयोग होतो. शाळेत विटांचे वाफे किंवा खताचा हौद बांधायचा असेल तर एक गवंडी पैसे देऊन बोलवाच, आपण त्याच्या हाताखाली. विटा आधी पाण्यात भिजवायच्या, कोरड्या विटा मालातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं पाणी शोषून घेतात आणि जोड कच्चे राहतात. माल एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, आणि थोडा थोडा कालवायचा, अर्ध्या तासात संपेल एवढाच. सिमेंट उघड्या हाताने अजिबात नाही, कातडी जळते, रबरी ग्लोव्हज घाला. रविवारी भिंत उभी राहते, सगळे खूश. पण पुढचे सात दिवस तिच्यावर पाणी मारायचं असतं ते कोण मारणार? हौशी श्रमदानातली भिंत इथेच कच्ची राहते. तुम्ही मात्र सोमवारी इझी रनला (आरामात पळायचं), मंगळवारी इंटरव्हलच्या (थोडं जोरात, थोडं हळू) आधी, असं रोज दोघं-दोघं तिथून जाऊ शकता, दहा मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सॲपवर नावं टाकून वार वाटून घ्या, ज्याचा वार त्याने ओल्या भिंतीचा फोटो टाकायचा.

रोपांचंही तसंच, फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोनदा, रोपाला चार-पाच लिटर. टेकडीवर सॅकमध्ये दोन लिटरच्या दोन बाटल्या घेऊन चढायचं, पळायचं नाही, चालायचं, चढावरचा तो उत्तम व्यायाम आहे. रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरलं तर पाणी मुळाशी झिरपतं आणि फेऱ्या कमी होतात.

हत्यारं घेऊन पळायचं नाही. ती तिथेच वॉचमनकाकांकडे ठेवा किंवा जे पळत नाहीत, ज्यांचा गुडघा दुखतोय, ते स्कूटरवरून आणतील, त्यांनाही ग्रुपमध्ये काम मिळतं. काम तासाभराचंच ठेवा, त्या दिवशी लाँग रन नको. जुने शूज, जाड ग्लोव्हज, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे.

आणि शाळेत काम करत असाल तर एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांकडून गेटची आणि नळाची सोय लावून घ्या. मे महिन्यात शाळा बंद, गेटला कुलूप, आणि रोपांना सगळ्यात जास्त पाणी लागतं ते नेमकं तेव्हाच.