जाळी चोरली, मुठीला वाचवलं

जळगावला एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, भरताची वांगी भाजायला केळीच्या पानाच्या आकाराची जाळी बनवली होती, मधली शीर म्हणजेच दांडा. हौसेनं फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले आणि महिन्याभरात बाजूच्याच एका कारखान्याचा सेम टू सेम माल बाजारात, वेल्डिंगचा टाकासुद्धा तिथंच! वकील म्हणे, भाऊ, डिझाइन नोंदवायचा अर्ज करायच्या आधीच तुम्ही जगाला दाखवून बसले, आता ते डिझाइन नवीन राहिलं नाही. डोकंच सुन्न.

मग पुढची जाळी, वांग्याच्या देठासारख्या मुठीची, बायको सोडून कोणालाच दाखवली नाही. डिझाइन कायदा 2000 खाली ऑनलाइन अर्ज, सगळ्या बाजूंचे फोटो, माझ्यासारख्या एकट्या माणसाला फी 1000 रुपये. यात फक्त दिसणं सेफ होतं बरं का, काम कसं करते ते नाही, त्याला पेटंट वेगळं. मुदत 10 वर्षं, फी भरली की अजून 5.

शेजाऱ्यानं परत हात मारलाच, यावेळी नोटीस गेली, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स. आठवड्यात माल गुपचूप उचलला पठ्ठ्यानं. जुनी जाळी मात्र अजून विकतोय, माझ्यापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त.