फाटकाबाहेरच्या पहिल्या फेऱ्या: निवाऱ्यातल्या पिल्लांसाठी तयारीची यादी

चार ते दहा महिन्यांचं, केनेलमध्येच म्हणजे निवाऱ्याच्या पिंजऱ्यातच वाढलेलं, कुत्र्याचं देशी पिल्लू डोळ्यांसमोर ठेवून ही यादी केली आहे. भेदरलेलं पिल्लू पाहिलं की लोक हमखास म्हणतात, याला कुणीतरी मारलं असणार. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं, त्याने जगच पाहिलेलं नसतं. नवी गोष्ट सहज पचवायचा पिल्लांचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो, आणि याचा तो फरशी, जाळी, शेजाऱ्यांचं भुंकणं आणि दोन वेळचं भांडं यांतच गेलेला असतो. मग जिना, छत्री, काचेचं दार, हेल्मेट घातलेला माणूस हे सगळं एकदमच अंगावर येतं. तो काळ परत आणता येत नाही. पण हळूहळू सरावलं तर पिल्लू धीट होतं, आणि ते कितपत होईल हे फेरी किती लांबची झाली यापेक्षा फेरीच्या आधी काय केलं यावर जास्त ठरतं.

सुरुवात लसीच्या पुस्तकापासून. पार्व्हो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांच्या लसीचा शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्याला होतो, त्यानंतर दोन आठवडे जाऊ द्या. रेबीजची लस तीन महिन्यांनंतरची, ती झालेली असलीच पाहिजे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलने मरत नाही, म्हणून डोस अपुरे असतील तर पिल्लाला कडेवर किंवा टोपलीत घेऊन जग दाखवा, पाय जमिनीला लावू नका. कडेवरची फेरीही फेरीच असते. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असेल तर टाके भरेपर्यंत दहा ते चौदा दिवस हार्नेस, म्हणजे छाती-पोटाभोवती बसणारा पट्टा, नाही. पातळ शी, खोकला, न संपवलेलं भांडं, यातलं काहीही दिसलं की त्या दिवशी सुट्टी. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली गोचीड आहे का ते निघण्याआधीही बघा आणि आल्यावरही. नेणाऱ्या माणसानेही रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, पिल्लाची लस झालेली असली तरीही.

आता पट्टा. भेदरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, ते मागे सरकतं, डोकं खाली घालतं, आणि साधा गळपट्टा किंवा सैल हार्नेस दोन सेकंदांत कानांवरून निघून जातो. निवाऱ्यातून हरवणारी कुत्री बहुतेक अशीच निसटतात. छातीवर वायच्या आकारात बसणारा हार्नेस घ्या. पोटाचा पट्टा पुढच्या पायाच्या काखेपासून तीन-चार बोटं मागे हवा, सगळीकडे दोन बोटं जातील एवढीच ढील हवी. फार बुजऱ्या पिल्लाला बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस लागतो. तो नसेल तर हार्नेसला एक लीश (हातात धरायची दोरी) आणि गळपट्ट्याला दुसरी, दोन्ही एकाच माणसाच्या दोन हातांत. गळपट्ट्यावर निवाऱ्याचा फोन नंबर मार्करने लिहून टाका. लोंबणारा बिल्ला वाजतो आणि त्या खुळखुळीनेच काही पिल्लं बिचकतात. लीश दोन मीटरची कापडी असावी. साखळी जड असते आणि खणखणते. आत गुंडाळली जाणारी, डब्बीवाली लीश तर आणूच नका. डब्बी हातातून सुटली की रस्त्यावर आपटत पिल्लाच्या मागे धावते आणि पिल्लू तिच्यापासून पळत सुटतं.

हार्नेस चढवणं हा चार-पाच दिवसांचा स्वतंत्र कार्यक्रम धरा. पहिल्या दिवशी तो नुसता जमिनीवर ठेवायचा आणि आजूबाजूला खाऊ टाकायचा. दुसऱ्या दिवशी गळ्याच्या वेटोळ्यातून हात घालून पलीकडून खाऊ द्यायचा, म्हणजे पिल्लू स्वतः डोकं आत घालतं. बकलाची 'टक्' मात्र सगळ्यांत अवघड. कानाजवळ ती अचानक वाजते, पिल्लू दचकतं आणि हार्नेसच नकोसा होतो. म्हणून बकल आधी लांब, मुठीत दाबून वाजवा आणि प्रत्येक 'टक्'नंतर एक तुकडा द्या. वीस-तीस वेळा झालं की पिल्लू आवाज ऐकून तोंड वर करतं. तेव्हाच अंगावर लावा.

खाऊ आदल्या रात्रीच करून ठेवा. १०० ग्रॅम बोनलेस चिकन मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता उकडा. हरभऱ्याएवढे तुकडे केले की शंभरेक होतात आणि एका छोट्या फेरीला त्यातले साठ-सत्तर पुरतात. चिकन चालत नसेल तिथे उकडलेलं अंडं किंवा थोडं पनीर. पनीर जास्त झालं तर पोट बिघडतं. जेवढा खाऊ दिला तेवढं संध्याकाळचं जेवण कमी करा. बिस्किटं कोरडी असतात, चावायला वेळ लागतो, चुरा सांडतो आणि मग पिल्लू रस्ता सोडून चुरा शोधत बसतं. मनुका-बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत, हे सोबतच्या प्रत्येकाला बजावून ठेवा, लहान मुलांना तर नक्कीच. खाऊ कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कमरेच्या कापडी बटव्यात हवा. त्याचं कारण पुढे येतं. अर्धा लिटर पाणी, घडीची वाटी, शी उचलायच्या पिशव्या आणि केनेलमधला न धुतलेला टॉवेल एवढं बॅगेत असलं की झालं.

रस्ता आदल्या दिवशी त्याच वेळेला, पिल्लाशिवाय, स्वतः चालून या. शाळा कधी सुटते, कुठल्या कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी बसते, उघडं गटार कुठे आहे, वर्कशॉपचा ग्राइंडर कधी सुरू होतो, हे बघायचं. आपल्याकडे प्रत्येक गल्लीला तिची कुत्री असतात आणि नवखं पिल्लू दिसलं की ती उठतातच. त्यामुळे टोळीच्या हद्दीतून जाणारा रस्ता कितीही शांत असला तरी बाद. आडोसे मात्र मोजून ठेवा: उभी गाडी, कंपाउंडची भिंत, झाडाचा बुंधा. समोरून काही आलं तर पिल्लाची नजर अडवायला दर तीस-चाळीस पावलांवर एक तरी आडोसा हवा. ज्या बोळातून मागे फिरता येत नाही तो घेऊ नका. उन्हाळ्यात हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला ठेवता आली नाही तर पिल्लाच्या तळव्यांनाही ठेवता येणार नाही. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची, भीती असते. संक्रांतीच्या आसपास जमिनीवर मांजा पडलेला असतो. पुण्यात गणपतीच्या महिना-दीड महिना आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तो आवाज कुठवर येतो ते आधी ऐकून घ्या आणि त्या संध्याकाळी फेरी टाळा. ढोल आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर जेमतेम ऐकू येतील इतके हळू लावून जेवणाच्या वेळी ऐकवायला मात्र दोन महिने आधीच लागा.

माणसं दोन. एक पिल्लाचा, दुसरा जगाचा. दुसऱ्याचं काम लोकांना थांबवणं आणि पुढून काय येतंय ते सांगणं. "किती गोड आहे, हात लावू?" म्हणत येणाऱ्याला काय सांगायचं हे आधीच ठरवून ठेवा, "दादा, ते शिकतंय, लांबूनच बघा" एवढं पुरतं. निवाऱ्यात एखादं मोठं, शांत, माणसाळलेलं कुत्रं असेल तर पहिल्या काही फेऱ्यांना ते दोन मीटरवर सोबत असू द्या, पिल्लू त्याच्याकडे बघून पावलं टाकतं. पाच-सहा फेऱ्यांनंतर मधूनमधून एकटंही न्या, नाहीतर धीर त्या कुत्र्याचा राहतो. एकाच वेतातली दोन पिल्लं जोडीने नेऊ नका. एक घाबरलं की दोन्ही घाबरतात.

आत असतानाच तीन गोष्टी शिकवून ठेवा. एकेक धडा तीन-चार मिनिटांचा, दिवसातून दोनदा. पहिली, तळहात पुढे केला की नाक लावणं. नाक लागताच "हो!" म्हणायचं आणि एका सेकंदात तुकडा द्यायचा. दुसरी, "शोध" म्हटलं की जमिनीवर टाकलेला खाऊ हुंगून काढणं. हुंगताना मान खाली जाते आणि पिल्लू आपोआप सैलावतं. तिसरी, "चल" म्हणून उलट वळणं. ही आनंदाने वळायची सवय लीश ताठ न करता लागायला हवी, कारण बाहेर सगळ्यात जास्त हीच वापरावी लागते. "बस" आणि "हात दे" नंतर कधीही शिकवता येतं.

पहिली फेरी म्हणजे रस्ता नव्हे. केनेलच्या दारापासून पॅसेज, मग अंगण, मग फाटकाच्या आत, मग बाहेर दहा पावलं, आणि मग गल्ली. फाटक उघडून पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पिल्लू एक पाय बाहेर टाकतं, मागे घेतं, हवा हुंगतं, पुन्हा टाकतं. त्याला ओढायचं नाही आणि पुढे खाऊ धरून बोलवायचंही नाही. सलग तीन फेऱ्यांना त्या टप्प्यावर ते खात असेल आणि दचकल्यावर दहाएक सेकंदांत अंग झटकून पुन्हा हुंगायला लागत असेल, तर पुढचा टप्पा घ्यावा. आवडता तुकडाही नाकारला, किंवा बोटांसकट ओरबाडून घेतला, तर आपण फार जवळ आलो आहोत. अंतर दुप्पट करा. जांभई, नाक चाटणं, मान फिरवणं, एक पाय उचलून थिजणं, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, हे सगळं गुरगुरण्याच्या कितीतरी आधी येतं. जमिनीला चिकटून गप्प पडलेलं पिल्लू मात्र सगळ्यात जास्त फसवतं. "बघा, किती शांत झालं" असं म्हणत लोक त्याला बाजारात नेऊन बसवतात. ते शांत झालेलं नसतं, त्याने हात टेकलेले असतात.

खाऊचा क्रम चुकला की सगळी मेहनत उलटी फिरते. स्कूटर येते. पिल्लाला ती दिसू द्या, कान तिकडे वळू द्या. मग तुकडा द्या, आणि स्कूटर दिसते आहे तोवर देत राहा. ती गेली की खाऊ बंद. स्कूटरमागून खाऊ येतो हे मग त्याला कळतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत स्कूटर दिसल्यावर ते तुमच्याकडे वळून बघायला लागतं. याउलट, आपल्याला स्कूटर आधी दिसते म्हणून आपण घाईने पिशवीत हात घालतो, पिशवी कुरकुरते आणि मग स्कूटर येते. चार दिवसांत ती कुरकुर हीच धोक्याची घंटा होते. तसंच अनोळखी माणसाच्या हातून खाऊ भरवायची हौस आवरा. पिल्लू तुकड्यासाठी पुढे जातं, तुकडा संपतो आणि आपण एका परक्या माणसाच्या गुडघ्याशी उभे आहोत हे त्याच्या लक्षात येतं. दात लागतात ते याच क्षणी. त्या माणसाने खाऊ पिल्लाच्या मागे फेकावा, म्हणजे खाणंही होतं आणि अंतरही वाढतं. घाबरून तुमच्या पायाशी आलं तर जवळ घ्या. कुरवाळल्याने भीती वाढते ही जुनी समजूत चुकीची आहे. तीन सेकंद कुरवाळून हात थांबवा, हवं असेल तर ते स्वतः टेकतं.

निसटलंच तर धावू नका, ओरडू नका. खाली बसा, अंग तिरकं ठेवा, खाऊ जमिनीवर टाका आणि दुसऱ्याला शांत कुत्रं आणायला पाठवा. टॉवेल फाटकाशी पसरून ठेवा. वासाचा माग काढत पिल्लू रात्री तिथे येऊ शकतं, फाटक आतून बघणारं कुणीतरी असावं.

सुरुवातीला आठवड्यात तीन फेऱ्या बास, मध्ये एकेक दिवस मोकळा. एखाद्या फेरीत मोठा धसका बसला तर दोन-तीन दिवस बाहेर काढू नका. सहा महिने ते वर्ष-सव्वा वर्ष या वयात कालपर्यंत ठीक असलेलं पिल्लू कचऱ्याच्या डब्याला अचानक भुंकायला लागतं, तेव्हा गोंधळून न जाता दोन टप्पे मागे या. गवतावर शू केली नाही तरी काळजी नको. त्याला फरशीचीच सवय असते, परत आल्या आल्या मोरीकडे नेलं तर तिथे करेल.

आल्यावर लगेच पिंजऱ्यात ढकलू नका. अंगणात दोन मिनिटं खाऊ पसरून हुंगू द्या, मग पाणी, मग थाळीला फासलेलं दोन चमचे साधं दही चाटायला द्या आणि त्याला झोपू द्या. दाराला लटकवलेल्या वहीत पाच गोष्टी लिहा: वेळ, कुठवर गेलं, कशाला दचकलं, सावरायला किती सेकंद लागले, शेवटचा तुकडा खाल्ला की नाही. उद्याचा माणूस दुसराच असणार आहे, आणि हेल्मेटवाल्याला अजून पंधरा पावलं लांब ठेवायचं आहे हे पिल्लू त्याला सांगू शकत नाही.