इंग्रजी वाचनचाचणी घेताय? या चुका टाळा

लालबागच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत, दर शनिवारी आम्ही मुलांचं इंग्रजी वाचन घेतो. मुलं आसपासच्या मराठी आणि सेमी इंग्रजी शाळांतली, तिसरी ते सहावीची. एका छापील चाचणीत चार ओळींचा उतारा होता. दोन भावंडं थंडीत चालत घरी येतात, लांबूनच त्यांना चिमणीतून धूर निघताना दिसतो आणि त्यांना आनंद होतो. प्रश्न होता, त्यांना आनंद का झाला? चौथीतल्या एका मुलीने अडखळत उतारा वाचला आणि लगेच म्हणाली, "ताई, गिरणी परत सुरू झाली ना!"

उत्तरसूचीत होतं, घरात शेकोटी पेटली आहे, कोणीतरी वाट बघतंय. मी शून्य दिला.

त्या मुलीच्या गॅलरीतून बंद गिरणीची चिमणी दिसते. तिचे आजोबा 1982 च्या संपातले. चिमणीतून धूर म्हणजे काम सुरू, घरात पगार, ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली आहे. चिमणी, धूर, आनंद हे तिन्ही शब्द तिने बरोबर वाचले होते. त्यांना जोडणारा धागा उताऱ्यात लिहिलेलाच नव्हता, तो वाचणाऱ्याने आपल्या घरून आणायचा होता. तिने आणला. पुढच्या शनिवारी मी तो शून्य खोडला, आणि तेव्हापासून आमच्याकडून होणाऱ्या चुका वहीत लिहायला लागले.

चुकलेलं उत्तर म्हणजे वाचता येत नाही, असं धरू नका

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. 1979 साली मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. भारतीय आणि अमेरिकन अशा दोन्ही गटांना दोन पत्रं वाचायला दिली, एक भारतीय लग्नाचं, एक अमेरिकन लग्नाचं. वाचणारी सगळी मोठी, शिकलेली माणसं. तरी प्रत्येक गटाने आपल्याकडच्या लग्नाचं पत्र भरभर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन पत्रातल्या नवरीने आजीचा लग्नातला झगा घातला होता. तिकडे ती मानाची गोष्ट. एका भारतीय वाचकाला मात्र आठवलं ते असं, की नवरी ठीक दिसत होती, पण झगा फारच जुना होता. शिकल्यासवरल्या माणसाचं असं होतं, तर नऊ वर्षांच्या पोरीचं काय घेऊन बसायचं?

उपाय सोपा आहे, वेळ मात्र लागतो. उत्तर चुकलं की आधी विचारा, "तुला असं का वाटलं?" आणि ती जे सांगेल ते तसंच्या तसं लिहून घ्या. मग तोच उतारा मराठीत तोंडी सांगा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. मराठीतही उत्तर येत नसेल, तर बहुतेक वेळा अडचण उताऱ्यातल्या जगाची असते. मराठीत चटकन आलं, तर इंग्रजी शब्द अडले आहेत. आणि मुळात शब्दच फोडता येत नसतील, तर अक्षर-आवाजाची जोडणी कच्ची आहे. तिन्हींवरची औषधं वेगवेगळी. एकाच शून्यात तिन्ही कोंबले, तर शिकवायचं काय ते तुम्हालाच कळणार नाही.

उत्तर इंग्रजीतच हवं हा हट्ट तर सोडाच. मुलांना कितपत वाचता येतं हे बघायला गावोगावी होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणातही इंग्रजी वाक्य वाचून झालं की अर्थ मुलाच्या भाषेत विचारतात. मुंबईत महापालिकेच्या शाळाच आठ माध्यमांच्या आहेत, त्यामुळे घरची भाषा कोणती हे आधी विचारून घ्या.

नावांकडे दुर्लक्ष करू नका

'बिल इज इन बेड.' तिसरीतल्या मुलाने हे छान वाचलं. अर्थ विचारला तर म्हणाला, "लाइटबिल गादीखाली ठेवलंय." त्याच्या घरी ते तिथेच ठेवतात. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे मोठं अक्षर ही नावाची खूण असते हे मुलांना मुद्दाम शिकवावं लागतं. बिल, मार्क, रोज, विल ही माणसांची नावं असतात हेही सांगावं लागतं. चाचणी नावांची नसेल तर नावं आधी सांगून टाका: "यात बिल नावाचा मुलगा आहे." किंवा नावच बदला. त्याने वाचन सोपं होत नाही, नुसता खड्डा बुजतो.

उच्चारावर गुण कापू नका

'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणणारं मूल तो शब्द ओळखतं. आपल्याकडे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांत तोंडाने फरक करणारी मोठी माणसं तरी किती सापडतील? अमेरिकन वाचनतज्ज्ञ केनेथ गुडमन यांनी 1960 च्या दशकापासून हेच मांडलं, की वाचताना झालेल्या चुका नुसत्या मोजू नयेत, अर्थ बिघडला का ते बघावं. 'हाउस'च्या जागी 'होम' वाचलं, तर मूल अर्थ लावत वाचतंय. 'हाउस'ला 'हॉर्स' वाचून तसंच पुढे गेलं, तर थांबवा.

गप्प बसलं म्हणजे येत नाही, असं समजू नका

अनोळखी मोठ्या माणसासमोर उलट बोलायचं नाही, हे आपणच मुलांना शिकवतो. शिवाय, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न घरात कोण कशाला विचारील? मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या शर्ली ब्राइस हीथ यांना अमेरिकेतल्या कॅरोलिना भागात एका वस्तीत हेच दिसलं होतं. तिथल्या घरांत मुलांना 'हे कशासारखं आहे?' असं विचारत, शाळेत मात्र 'हे काय आहे?' आणि मुलं गोंधळत. आमच्याकडे एक मुलगा माझ्यासमोर अवाक्षर काढायचा नाही. मी बाजूला झाले आणि त्याला म्हटलं, "धाकट्या बहिणीला सांग यात काय झालं." त्याने सगळा उतारा हातवारे करून सांगितला.

पाठांतराला वाचन समजू नका

लक्षण असं: मूल सुसाट वाचतं, पण बोट दुसऱ्याच ओळीवर असतं. पाढे, शुभंकरोती, श्लोक, सगळं आपण तोंडपाठ करत आलो, आणि ती शक्ती खरीच मोठी आहे. पण पाठ्यपुस्तकातला धडा चाचणीला दिलात तर तुम्ही नेमकी तीच मोजता. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा. नवीन उतारा द्या. केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द असं उद्दिष्ट आहे, आणि ते अर्थासह वाचण्याचं आहे. घड्याळ लावताना लोक 60 तेवढं लक्षात ठेवतात.

सगळंच आपल्या ओळखीचं करू नका

ही चूक मी उत्साहात केली. शेकोटी काढली आणि गणपती, मोदक, लोकल घातली. गुण एकदम वाढले. मग एक दिवस कागद उलटा ठेवून नुसते प्रश्न विचारले, तर मुलांनी न वाचताच निम्मी उत्तरं दिली. गणपतीला नैवेद्य कसला, हे कळायला उतारा लागतोच कशाला? 1988 सालच्या रेख्ट आणि लेस्ली यांच्या प्रयोगात बेसबॉलची चांगली माहिती असलेली कच्ची वाचक मुलं, बेसबॉल न कळणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा तो उतारा जास्त समजली होती. ओळखीचा विषय वाचनाला असा खांदा देतो, आणि कधीकधी वाचनाची जागाच घेतो.

म्हणून आता प्रत्येक नवा उतारा आधी असा झाकून तपासतो. न वाचता उत्तर आलं तर प्रश्न बाद. मोदकांचा उतारा ठेवला आहे, पण त्यातल्या आजीचा गूळ संपला आणि तिने सारणात खजूर घातला. प्रश्न खजुराचा आहे. चिमणीचा उताराही ठेवला आहे. तो देण्याआधी बर्फातल्या घराचा एक फोटो दाखवतो, आत पेटलेली शेकोटी दिसेल असा, आणि दोन मिनिटं त्यावर बोलतो.