सोलापुरात घरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्यात? गाद्या घेण्याआधीची तयारी

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर या चारही वाटा सोलापुरातून फुटतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाल्यापासून सोलापूर गाठणं आणखी सोपं झालं. शनिवारी यायचं, इथे मुक्काम टाकायचा, दोन देवस्थानं करून रविवारी परत, असा बेत पुष्कळ जण आखतात. त्यामुळे जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडच्या बाजूला ज्यांचा वरचा मजला रिकामा आहे त्यांना दिवसाच्या भाड्याने खोल्या देण्याचं सुचतंच. सुचू द्या. पण सुतार, एसीवाला आणि चादरी (चादरींची चिंता सोलापूरकराने कशाला करायची म्हणा) यांच्या आधी कपाटातली घराची फाइल बाहेर काढा.

फायलीत काय असावं? मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे आपण ज्याला वापर परवाना म्हणतो तो, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, एनएचा (बिगरशेतीचा) आदेश, मोजणीचा नकाशा आणि चालू सालची घरपट्टी भरल्याची पावती. बहुतेक घरांत पावती सापडते, नकाशा सापडत नाही. वडिलांनी बांधलं, त्यांनाच ठाऊक, असं उत्तर मिळतं. मग महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. तिथे दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा, त्याची मुदत ३० दिवस आहे. हद्दवाढ भागातल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. ती गावं १९९२ ला शहरात आली, त्याआधीचं बांधकाम असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी आणि जुने उतारे हेच तुमचे कागद, ते रद्दीत घालू नका. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेला असेल तर २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती बघा. त्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉट आणि बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. ती वाट आधी चाला, पाहुण्यांचं नंतर.

घरपट्टी वेळेवर भरतो म्हणजे घर कायदेशीर, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो, उलट जास्तच लागतो, आणि तो भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही.

नकाशा हातात आला की एखाद्या रविवारी सकाळी टेप घेऊन बाहेर पडा. एक टोक मुलाच्या हातात द्या आणि कंपाउंडच्या आतल्या कडेपासून भिंतीपर्यंत चारही बाजू मोजा. भिंतीपर्यंत म्हणजे घराच्या पुढे आलेल्या भागापर्यंत. जुळे सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून बघा: वरच्या मजल्याला स्वतंत्र वाट हवी म्हणून बाहेरून लोखंडी जिना चढवलेला असतो, तो बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडायच्या मोकळ्या जागेत उतरतो. जिन्याखालच्या जागेत नंतर कोणीतरी संडास-बाथरूम बसवलेलं असतं. समोरची बाल्कनी काचा लावून खोलीत घेतलेली असते, गच्चीवर पत्र्याचं शेड असतं. नकाशात यातलं काहीच नसतं. नकाशात तिथे दीड मीटर मोकळी जागा असते आणि टेप सांगते पाऊण मीटर. राहतं घर असताना याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्याच घरासमोर परगावच्या नंबरप्लेटच्या गाड्या लागायला लागल्या की मात्र सगळं दिसायला लागतं. म्हणून जे फरक सापडतील ते नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनने मांडा. तुमच्या इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला हा कागद दिलात तर त्याचं निम्मं काम होतं, आणि तो तुम्हाला गुळमुळीत उत्तरं देऊ शकत नाही.

आता वापराचा प्रश्न. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात ‘विकास’ म्हणजे नुसतं बांधकाम नाही, इमारतीच्या वापरातला मोठा बदलही विकासच, आणि त्याला परवानगी लागते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, आपण सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतो. तिच्यात निवासी भागाचे आर-१ आणि आर-२ असे दोन प्रकार आहेत, आणि तुम्ही कशात मोडता, म्हणजे तिथे कुठला वापर चालतो, हे ठरतं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. तेव्हा झोन दाखला आणि भाग नकाशा काढून घ्या आणि त्यात तुमच्या रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे ते वाचा. जागेवर किती आहे ते वेगळं, विकास आराखड्यात किती आहे ते वेगळं. आराखड्यातली रेषा तुमच्या पोर्चमधून जात असेल तर पोर्चवर एक रुपया घालू नका.

घरात तुम्ही राहता आणि दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देता, की अख्खा बंगला किल्लीसकट देऊन तुम्ही पुण्याला असता, यात माझ्या मते जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं घर घरच राहतं. दुसरं लॉज होतं, नाव काहीही द्या. केंद्राच्या पर्यटन खात्याची होमस्टे योजनाही हेच धरून चालते: कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६ खोल्या, १२ खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणारं. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडेही नोंदणी होते. ती जरूर करा. बाईंच्या नावाने व्यवसाय असेल तर राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ या महिलांसाठीच्या पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे, तोही विचारून घ्या. मात्र पर्यटनाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं म्हणून महापालिकेचा प्रश्न मिटत नाही. दोन्ही कागद वेगळे.

सवलतीबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. नियमावलीत आयुक्तांना एक अधिकार दिलेला आहे: खरीच अडचण दाखवता आली तर अंतरं, मापं यांत लेखी सवलत देता येते, बोलीभाषेत आपण हार्डशिप म्हणतो ती. त्याला दोन कुंपणं आहेत. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, त्यात येत नाही. आणि आरोग्य, आग, इमारतीची मजबुती, शेजारपाजाऱ्यांची सुरक्षितता याला धक्का लागता कामा नये. म्हणजे बाजूचं अंतर थोडं कमी पडतंय यावर बोलता येईल, पण गच्चीवर एक जादा खोली चढवली आणि एफएसआय ओलांडला तर हा दरवाजा तुमच्यासाठी नाही. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे, त्यावरच्या जादा बांधकामासाठी भरायचा प्रीमियम वगैरे हिशेब इंजिनिअरकडून कागदावर घ्या, तोंडी नको.

अडचण म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. प्लॉट तिरका आहे, एक कोपरा रस्तारुंदीत गेला, नाल्यामुळे मागची बाजू वापरता येत नाही, ही अडचण झाली, कारण ती जागेची आहे. पाहुण्यांना अटॅच बाथरूम लागतं, दोन खोल्यांत हप्ता निघत नाही, ही अडचण नव्हे, ती आपली इच्छा. अर्जात पहिली कारणं लिहा, फोटो आणि मोजणी जोडा. आणि सवलत आधी मागा. आधी बांधून मग मागायला गेलात तर नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, बांधकाम काढून टाका सांगणारी नोटीस डोक्यावर घेऊन मागावी लागते. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो खरा, पण तेव्हा बोलणी बरोबरीची राहत नाहीत. विनापरवाना बांधकामाला कलम ५२ खाली १ महिना ते ३ वर्षं कैद आणि दंड आहे. झोनच बदलून घेऊ म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा. कलम ३७ चा तो फेरबदल जाहीर सूचना, एक महिन्याच्या हरकती आणि शेवटी शासनाची मंजुरी असा जातो. एका बंगल्यासाठी त्याच्या मागे लागू नये.

होटगी रोड विमानतळाच्या जवळ असाल तर उंचीचंही बघा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा म्हणून जून २०२३ मध्ये कशी पाडली गेली हे सगळ्या शहराने पाहिलंय. टाकीचा टॉवर चढवण्याआधी विमानतळाभोवती कुठे किती उंची चालते हे रंगांनी दाखवणाऱ्या नकाशात आपली जागा कुठे येते ते विचारा.

खोलीचं माप थोडक्यात: राहायच्या खोलीला ९.५ चौरस मीटर, रुंदी निदान २.४ मीटर, उंची २.७५. प्लायवूडचं पार्टिशन टाकून एकीच्या दोन केल्या की हे हुकतं.

शेजारी मात्र थोडक्यात आटपायचा विषय नाही. आपल्याकडे अशा अर्जावर शेजाऱ्यांना बोलावून सुनावणी घ्यायची रीत नाही, म्हणून त्यांचं म्हणणं थेट तक्रार होऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात पोचतं. आणि तक्रार कधीच ‘बाजूचं अंतर कमी आहे’ अशी सुरू होत नाही. ती सुरू होते ती “रात्री बाराला गेट वाजलालंय बगा, लेकरं झोपेनात” अशी, आणि मग महापालिकेचा माणूस टेप घेऊन येतो. दोन्ही बाजूच्या आणि समोरच्या घरी आधी जाऊन या. गाड्या कुठे लागतील, रात्री किती वाजेपर्यंत पाहुणा घेणार, कोणाला घेणार नाही, हे तुम्ही आपणहून सांगा. फ्लॅट असेल तर सोसायटीचा किंवा अपार्टमेंटचा ठराव लेखी घ्या. चेअरमन “करा की ओ” म्हणाले, हा ठराव नव्हे. पुढच्या वर्षी चेअरमन बदलतो.

शेजाऱ्यांशी भांडण पार्किंगवरून होतं तितकंच पाण्यावरूनही होतं. चार-पाच दिवसांआड पाणी ही सोलापूरची जुनी कहाणी. बाहेरचा पाहुणा सकाळी गिझर लावून अर्धा तास आंघोळ करतो, त्याला आपला पाण्याचा दिवस कळत नाही. पाणी येण्याच्या दोन दिवसांमधला तुमचा आणि पाहुण्यांचा खप मिळून हौदात आणि वरच्या टाकीत किती साठवण लागेल, हे आधी मांडा, मग खोल्यांची संख्या ठरवा. नळाला थेट मोटर लावून भागवायचा विचार असेल तर पूर्ण बेतच सोडा. टँकरचा खर्च भाड्यात धरलेला नसतो आणि उन्हाळ्यात तोच नफा खातो.

बाकीचं भराभर. महावितरणला वापर बदलल्याचं लेखी कळवा आणि कुठला दर लागेल ते लेखीच विचारा. घरगुती मीटरवर धंदा सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुपटीने आकारणी होते. घरपट्टीत बिगरनिवासी भाग किती धरणार, तेही झोन कार्यालयात स्पष्ट करून घ्या. जीएसटीची नोंदणी वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, पोलीस ठाण्यात एकदा स्वतः जाऊन सांगून या, आणि परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करा. आग विझवण्याची बाटली जिन्याजवळ हवी, स्वयंपाकघराच्या कपाटामागे नको.

शेवटी तारखा. पूर्ण अर्जावर निर्णयाला कायद्याने ६० दिवस दिलेत, पण त्रुटीचं पत्र आलं की घड्याळ लांबतं. मोजणीला वेळ लागतो तो वेगळा. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पहिला पाहुणा घ्यायचा असेल तर फाइल गणपतीच्या आधी आत गेलेली हवी आणि मोजणीचा अर्ज त्याच्याही आधी, आषाढीच्या सुमाराला. नवरात्र आणि कोजागरीची तुळजापूरची गर्दी या वर्षी जाऊ द्या.